ट्रू कॉपी

रात्रीचे पावणेबारा वाजले होते. भाचीने लॅपटॉपमधून डोके वर न काढता विचारले, "मामा, उत्पन्नाच्या दाखल्याची हलकी फाईल आहे का रे तुझ्याकडे? ही चारशे केबीची झालीय. २५६ च्या वर घेतच नाही."

मी चष्मा शोधू लागलो. उत्तर देण्यासाठी नव्हे, प्रश्न कळावा म्हणून. आमच्या वेळी कागद पुढे सरकावा म्हणून त्यावर वजन ठेवावे लागे. आता कागद पुढे जावा म्हणून त्याचेच वजन उतरवावे लागते.

तिला यंदा इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. जुलै २०२४ मध्ये सरकारने निर्णय काढला, आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना गेलेल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. पण माफी आपोआप मिळत नाही. महाडीबीटी नावाच्या पोर्टलवर अर्ज भरायचा आणि अर्जाला कागद जोडायचे. 'जोडायचे' हा शब्द मात्र टिकला आहे. टाचणी गेली, दाभण गेले, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या असलेला तो टॅग गेला, डिंकाच्या बाटलीतला कडक झालेला ब्रश गेला, जोडायचे राहिले.

कागदांची यादी वाचताना मला गंमत वाटली. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची मार्कशीट, रेशन कार्ड. त्यांत आधार, प्रवेशाचे अलॉटमेंट लेटर अशा दोन-चार नव्या नावांची भर पडलेली. बाकी यादी आमचीच.

मी १९८४ साली दहावी झालो आणि अकरावीला तालुक्याच्या कॉलेजात नाव घातले. आमच्यासारख्यांचा आधार म्हणजे ई.बी.सी. या तीन अक्षरांचा पूर्ण अर्थ आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हता. ई.बी.सी. म्हणजे फी माफ, एवढे पुरेसे होते. यशवंतराव चव्हाण द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना, १९५९ साली, वर्षाला ठरावीक रकमेच्या आत मिळवणाऱ्यांच्या मुलांसाठी ही सवलत सुरू झाली, आणि ती रक्कम पुढे महागाईबरोबर वर सरकत गेली. वडील म्हणायचे, "यशवंतरावांमुळं शिकतोयस, ध्यानात ठेव." वडील कुठल्या पक्षाचे नव्हते. त्यांच्याकडे फीचे पैसे नव्हते, एवढेच.

उत्पन्नाचा दाखला म्हणजे तलाठी. तलाठ्याकडे तीन गावे, त्यामुळे तो आज कुठल्या गावात आहे हे तिन्ही गावांना सांगता येत नसे. शेवटी बाजाराच्या दिवशी चावडीत सापडे. त्या दिवशी वडील धुतलेली टोपी घालत. मला हे कधी नीट कळले नाही: गरिबीचा दाखला मागायला जाताना माणूस चांगले कपडे का घालतो? पण घालत. सगळेच घालत.

"किती लिहू?" भाऊसाहेब विचारत.

"लिहा तुमच्या मनानं."

"चार एकर जिरायत. म्हशीचं धरू का?"

"आटलीय ती."

म्हैस आटलेली नव्हती. सकाळीच दीड शेर दूध डेअरीला गेले होते, आणि ते भाऊसाहेबांना माहीत होते, कारण त्यांच्याही घरचे दूध त्याच डेअरीतून येई. पण त्यांनी म्हैस वगळली. आमची उरलेली कॉलेजची वर्षे ती म्हैस सरकारी कागदावर आटलेली राहिली. आमच्याच वर्गात बागायतदाराचा एक मुलगा होता. त्याच्या घरी ट्रॅक्टर होता, विहिरीवर मोटर होती, आणि दाखल्यावर त्याचे उत्पन्न आमच्यापेक्षा कमी होते. आणि शाळेतल्या शिपायाच्या मुलाला सवलत मिळेना, कारण त्याच्या बापाचा पगार शाळेच्या रजिस्टरात छापील होता. जुन्या काळात माणुसकी होती असे आम्ही फार म्हणतो. होती. पण ती कुणाच्या बाजूला झुकायची, हे ज्याच्या बाजूला झुकायची तोच विसरतो.

आता तलाठी हे नावही सरकारने बदलले, ग्राम महसूल अधिकारी केले. दाखल्यासाठी बहीण त्यांच्याकडे गेलीच नाही. ती गेली कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रात. तिथे बाविशीचा एक पोरगा दोन स्क्रीन मांडून बसतो, एका डोळ्याने पोर्टल बघतो, दुसऱ्याने क्रिकेट. त्याने आधार घेतले, रेशन कार्ड घेतले, की-बोर्डवर बोटे ठेवली आणि विचारले, "मावशी, किती टाकू?"

बहिणीने घरी येऊन हे सांगितले तेव्हा मला भाऊसाहेबांची एकदम आठवण झाली. चाळीस वर्षांत 'लिहू'चे 'टाकू' झाले, तेवढाच काय तो फरक. फक्त या पोराला आमची म्हैस माहीत नाही.

दाखला घरपोच आला, म्हणजे बहिणीच्या मोबाईलवर. तहसीलदाराची डिजिटल सही, खाली बारकोड. त्या दाखल्याची मुदत ३१ मार्चपर्यंत. दर वर्षी गुढीपाडव्याच्या आगेमागे आपली गरिबी संपते आणि जूनमध्ये ती पुन्हा सिद्ध करावी लागते, हा नियम मात्र जुनाच.

कागद जमले की त्यांच्या प्रती. थोरल्या भावाच्या पिढीत प्रती टाइप करून घेत. मामलेदार कचेरीसमोर झाडाखाली टायपिस्ट बसलेला असे. तो मार्कशीट शेजारी ठेवून ती जशीच्या तशी बडवून काढी, आणि जिथे मूळ कागदावर सही असे तिथे फक्त 'सही/-' असे टाइप करी. कुणाची सही, कशी सही, काही नाही. एक शब्द आणि एक तिरकी रेघ. आमच्यापर्यंत झेरॉक्स आले होते. सगळ्या तालुक्यात एक मशीन, पानाला एक रुपया, आणि वीज असेल तर. मशीनमधून निघालेला कागद कोमट असे. तो हातात घेऊन आम्ही मूळ प्रतीशी जुळवून बघत असू, जणू मशीन मार्क कमी करील.

पण झेरॉक्सवर सरकारचा विश्वास नव्हता. प्रत खरी आहे हे सांगायला एक माणूस लागे, आणि तो माणूस राजपत्रित अधिकारी किंवा हायस्कूलचा हेडमास्तर असावा लागे. त्याने प्रतीवर 'ट्रू कॉपी' असा शिक्का मारायचा, खाली सही करायची, सहीखाली गोल शिक्का. आमच्या भागात गॅझेटेड माणूस म्हणजे गुरांचे डॉक्टर. तेव्हा आमच्या गुणवत्तेची खातरजमा जनावरांच्या दवाखान्यात होई.

आम्ही मित्र सकाळी आठला तिथे जात असू. डॉक्टर खोड्यात घातलेल्या गाईमागे उभे, हात कोपरापर्यंत आत. मान वळवून म्हणत, "थांबा रे. ते दावं धर जरा." मग आम्ही दावे धरत असू. मी माझ्या बारावीच्या मार्कशीटच्या चार प्रतींसाठी एक म्हैस, दोन बैल आणि एक चिडलेली कालवड धरली आहे. हात धुऊन झाले की डॉक्टर टेबलाशी बसत, खिशातून हिरव्या शाईचे पेन काढत आणि सही करण्याआधी मार्कशीट वाचत. खरोखर वाचत. "गणितात एकसष्ट? आणि मराठीत ब्याऐंशी? मग सायन्सला कशाला कडमडलास?" हे आम्हाला घरी कुणी विचारलेले नव्हते, घरी पास एवढेच कळे. मग आतून वहिनी चहा पाठवत, आणि डॉक्टर शाई वाळेपर्यंत प्रत हातात धरून फुंकर मारत.

ती फुंकर मी विसरलेलो नाही.

महाराष्ट्र सरकारने मार्च २०१५ मध्ये हे सगळे एका निर्णयाने बंद केले. बहुतेक कामांसाठी आपली प्रत आपणच खरी म्हणायची, खाली आपलीच सही करायची. प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र द्यायचे आणि खोटे निघाले तर शिक्षा भोगायची. त्याच वर्षी १ जुलैला डिजिलॉकर सुरू झाले. विचार केला तर केवढी मोठी गोष्ट! सरकारने नागरिकाला प्रथमच म्हटले की, तू खरे बोलत असशील असे आम्ही धरून चालतो. आमच्या अठराव्या वर्षी आमचे मार्क खरे आहेत हे सांगायला दुसऱ्याची हिरवी शाई लागे. माझी भाची अठराव्या वर्षी, पाय खुर्चीवर घेऊन, चिप्स खात, स्वतःच्या खरेपणावर स्वतः सही करते. हिरवी शाई गेली आणि पीडीएफच्या कोपऱ्यात हिरवी खूण आली. आधार उतरवून घेतले की सहीच्या जागी आधी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते, पडताळणी केली की ते हिरवे होते. डॉक्टरांच्या नजरेतही आधी प्रश्नचिन्ह असे. पण ते पुसताना ते दोन प्रश्न विचारत.

इथपर्यंतचे मी एकदा माझ्या जुन्या मित्राला फोनवर सांगितले. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसत असू, आणि हे सगळे ऐकून तो माझ्यासारखाच हळवा होईल असे मला वाटले होते. तो ई.बी.सी.चा नव्हता. त्याला भारत सरकारची शिष्यवृत्ती होती; डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी पाठपुरावा केला आणि १९४४ पासून जी सुरू झाली ती. मी चहाचे सांगितले, फुंकरीचे सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला.

मग म्हणाला, "चहा तुला मिळायचा रे. माझी सही खिडकीतून व्हायची."

मी आठवून पाहिले. दवाखान्याला खिडकी होती, हे मला आठवले. तो आमच्याबरोबर यायचा, हेही आठवले. चहाच्या कपांची संख्या काही केल्या आठवेना.

"आणि वर्गात?" तो म्हणाला. "आठवतं?"

ते आठवत होते. जुलै-ऑगस्टमध्ये शिपाई नोटीस घेऊन वर्गात येई. सर शिकवणे थांबवत, नोटीस वाचत. "ई.बी.सी.चे फॉर्म राहिलेत त्यांनी उभे राहा." आम्ही वीस-पंचवीस जण उभे राहत असू, आणि इतक्या जणांत लाज वाटून घ्यायला जागा नसे. मग सर पान उलटत. "बी.सी. विद्यार्थ्यांनी ऑफिसात भेटावे." पाच-सहा मुले उठून बाहेर जात, आणि चाळीस डोळे त्यांच्या पाठीला चिकटून दारापर्यंत जात. त्या नोटिशीत अपमानकारक शब्द एकही नसे. सर वाईट नव्हते. नोटीस वाचायची रीतच तशी होती.

"आता माझी पोरगी फॉर्म भरते," मित्र म्हणाला, "तर शेजारच्या बाकावरच्या मुलीला कळतसुद्धा नाही. तुझं ते पोर्टल बंद पडू दे, गरगर फिरू दे, रात्री तीनला चालू दे. मला चालेल."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बसून होतो. आमची पिढी जुन्या दिवसांबद्दल बोलताना 'आम्ही' म्हणते. त्या आम्हीत कोण कोण आहे, हे एकदा यादी काढून तपासायला हवे. तीही साक्षांकित करून.

तरीही, आणि हे 'तरीही' मला सोडवत नाही, आजच्या रात्रीकडे पाहा. पोर्टल रात्री जरा हलके चालते म्हणून मुले रात्री बसतात. ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि तो नंबर बहिणीच्या नवऱ्याचा, जो सिमकार्डासकट नाशिकला ड्युटीवर आहे. मग त्याला झोपेतून उठवायचे. "बाबा, लवकर बघा, दहा मिनिटांत मरतो तो." तो आकडे सांगतो, ही टाकते, सेशन संपते, लॉगिन पुन्हा पहिल्यापासून. बापाच्या नावाचा घोळ वेगळाच: मार्कशीटवर 'दत्तात्रय', आधारवर 'दत्तात्रेय'. आमच्या वेळी ऑफिसातले क्लार्क दोन्ही कागद शेजारी ठेवत, चष्म्यावरून बापाकडे बघत आणि म्हणत, "हा तोच ना?" बाप म्हणे, "मीच की." संपले. आता तो तोच आहे हे सांगायला बाप तिथे असून उपयोग नाही.

पण त्या ऑफिसच्या खिडकीबद्दलही खरे सांगितले पाहिजे. स्कॉलरशिपची खिडकी अकरा ते एक. लाकडी झडप, तिला हात आत जाईल एवढीच फट. क्लार्क जेवायला गेले की झडप खाली. ते परत कधी येणार हे विचारणे म्हणजे उद्धटपणा. मी एका फॉर्मसाठी चार वेळा एसटीने गेलो आणि चौथ्या वेळी मला समजले की पहिल्या वेळीच त्यांना फक्त एक पासपोर्ट फोटो जास्तीचा हवा होता. फोटो म्हणजे पुन्हा स्टुडिओ, काळा पडदा, "हनुवटी वर, हसू नको," आणि चार दिवसांनी या. खिडकीवरच्या त्या हाताचा चेहरा मी दोन वर्षांत पाहिला नाही. आज पोर्टलला चेहरा नाही म्हणून गळा काढायचा तर त्या झडपेला कुठे होता?

पोचपावती मात्र होती. अर्जाच्या तळाशी तुटक रेघ, तिच्याखाली चार बोटांची पट्टी. क्लार्क पट्टीवर सही करून ती फूटपट्टी लावून फाडत. ती फाडल्याचा आवाज आला की काम झाले. ती पट्टी वडील रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवत आणि मार्चपर्यंत अधूनमधून काढून बघत. काय बघत, देव जाणे; वडिलांना वाचता जेमतेम येई. आमची यादी काचेच्या नोटीस बोर्डावर लागे, किल्ली हरवलेल्या कुलपामागे. मित्राला निर्वाह भत्त्याची रोकड मिळे, वर्ष सरता सरता. वीस पैशांचे रेव्हेन्यू स्टँप जिभेने ओले करून, त्यावर आडवी सही करून. तोवर तो भत्ता खानावळीला कधीच देऊन झालेला असे.

आता यादी लागत नाही, स्टेटस असतो. भाची तो दिवसातून सहा वेळा बघते. आणि पैसे येतात ते आधारला बँकेचे जे खाते जोडलेले असेल त्यात. तिने अर्जाआधी तपासले तेव्हा कळले की आधारला जोडलेले खाते आहे पाचवीत असताना उघडलेले, शून्य शिलकीचे, गणवेशाचे पैसे यायचे म्हणून काढलेले. पासबुक कुठे आहे, कुणाला माहीत नाही. शाखा गावाकडे. म्हणजे शेवटी एसटीने जाणे आलेच.

त्या रात्री दोनच्या सुमाराला सगळे कागद चढले. एकच राहिले: स्वयंघोषणापत्र. त्यावर फोटो डकवायचा, खाली सही करायची, मोबाईलने टिपायचे. इथे मी पुढे झालो. इतका वेळ मी फक्त चहा करत होतो. आता माझ्या विद्येचा प्रसंग आला.

"सही खाली नको," मी म्हणालो. "अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर. म्हणजे फोटो कुणी बदलू शकत नाही."

"असं कुठे लिहिलंय?"

"लिहायला कशाला पाहिजे? असंच करतात."

तिने तशी सही केली. माझेच जाड निबाचे पेन दिले होते. सही हनुवटीपासून कपाळापर्यंत गेली. मला ती फार रुबाबदार वाटली.

तीन आठवड्यांनी अर्ज 'सेंड बॅक' झाला. कॉलेजच्या लॉगिनमधून कुणीतरी शेरा मारला होता, आणि भाचीने तो मला मोठ्याने वाचून दाखवला: अर्जदाराचा चेहरा स्पष्ट दिसत नाही.

मी काही बोललो नाही. तीही मोठ्या मनाने काही बोलली नाही. तिने नवा कागद छापला, नवा फोटो डकवला, सही जिथे सांगितली होती तिथे, चौकटीत, केली. मग कागद टेबलावर ट्यूबलाइटखाली सपाट ठेवला आणि मोबाईल वर धरला. मी वाकून बघत होतो.

"मामा," ती म्हणाली, "जरा सरक ना. तुझी सावली पडतेय."